रुमालाखालचा आण्णाप्पा

निपाणीच्या गुरुवारच्या बाजारात आण्णाप्पा हेडी कुठं आहे, हे कुणाला विचारावं लागत नसे. बाजाराच्या तोंडाशी उभं राहून नुसतं ऐकायचं. हेडी म्हणजे गुरांचा दलाल. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही जो आपलाच माणूस वाटतो तो. हा धंदा मुक्याचा नव्हेच, पण आण्णाप्पाचं बोलणं धंद्यापुरतं थांबलं असतं तर तो आण्णाप्पा कसला? सकाळी चूळ भरायच्या आधी सुरू झालेला माणूस रात्री डोळा लागल्यावरही पुरता बंद होत नसे. झोपेतसुद्धा गिऱ्हाइकं पटवत असतात, असं त्याची बायको नागुबाई शेजारणींना सांगे आणि वर म्हणे, "जागेपणीचं मी ऐकत न्हाय, झोपेतलं कशाला ऐकू?"

एकदा लोंढ्याला आगगाडीत त्याच्याशेजारी धारवाडकडचा कुणी व्यापारी बसला. आण्णाप्पाला कानडीही तेवढीच फर्डी येई, त्यामुळं त्या बिचाऱ्याला भाषा कळत नाही म्हणायचीही सोय राहिली नाही. बेळगाव येईपर्यंत आण्णाप्पाच्या आजीचं सांधेदुखीचं औषध, बोरगावच्या सासऱ्याचा स्वभाव आणि कोगनोळीच्या पाटलाच्या म्हशीची दोन बाळंतपणं, सगळं त्याच्या पदरात पडलं. उतरताना त्यानं हात जोडले. ते निरोपाचे होते की सुटकेचे, हे आण्णाप्पानं मनावर घेतलं नाही.

म्हणून छत्तीस साली जेव्हा कळलं, की सरकारनं आण्णाप्पाला तोंड बंद ठेवायच्या कामावर नेमलंय, तेव्हा अख्खी निपाणी पोट धरून हसली.

झालं होतं असं. त्या सालांत बुळकांडीनं गोठेच्या गोठे रिकामे केले होते. गुरांची ही साथ एकदा गावात शिरली की धडधाकट बैल आठवड्यात आडवा व्हायचा. तिच्यावर लस तयार करायला उपेंद्रराव नावाचे गुरांचे डॉक्टर आले आणि कोगनोळीच्या वाटेवर माळावर पत्र्याची लांबलचक शेड उभी राहिली. आत बैल, बकरी आणि कुलूपबंद खोलीत बाटल्या. आता कुंपण घातलं म्हणजे लोक कुंपणापलीकडचं मनानं रचणारच. आत बैलांची जित्तेपणी कातडी सोलतात, असं बाजारात बोललं जाऊ लागलं. बेंदराला ज्याला पुरणपोळी चारायची, त्याच्याबद्दल असलं ऐकून कोण गप्प बसेल? कलेक्टरकडं अर्जांचा पाऊस पडला. साहेबानं तोड काढली. गावातले पाचजण नेमायचे, त्यांनी पाळीपाळीनं आगाऊ न कळवता शेडमध्ये जायचं आणि जनावरांचे हाल होत नाहीत ना, हे बघायचं. अध्यक्ष म्हणून दत्तोपंत वकील नेमले गेले.

उपेंद्ररावांचीही एक अट होती, आणि तिच्यात तथ्य होतं. त्यांची लस अजून अर्धीकच्ची होती. ती कशी करतात हे बाहेर पडलं असतं तर कुणीतरी लबाड रंगीत पाणी बाटलीत भरून त्यांच्याच नावावर विकायला बसला असता. आणि शेडमधला एखादा बैल नुसता शिंकला, हे बाजारात कळलं असतं तर पुढं कुणी आपलं जनावर टोचून घेतलं नसतं. म्हणून नियम झाला. आतलं बाहेर सांगणाऱ्या सभासदाला काढून टाकायचं, वर दंड, नाहीतर कैद.

बाजारातला एक माणूस हवा असं ठरलं आणि दत्तोपंतांनी आण्णाप्पाचं नाव घेतलं. कमिटीतले एक म्हणाले, "पंत, त्यापेक्षा सरळ दवंडी पिटा. स्वस्तात होईल."

दत्तोपंत शांतपणे म्हणाले, "आण्णाप्पा इतकी वर्षं रुमालाखाली सौदे करतोय. त्यातला एकतरी भाव तुमच्या कानावर आलाय?"

सगळे विचारात पडले. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. हेडी आपल्या हातावर रुमाल टाकतो, समोरचा माणूस त्याखाली हात घालतो आणि बोटं दाबून काय ते सांगतो. विकणाऱ्याच्या बोटांनी सांगितलेलं घेणाऱ्याला कळू द्यायचं नाही, आणि घेणाऱ्याचं विकणाऱ्याला. तोंडानं त्या वेळी पाऊसपाण्याच्या गप्पा चालू ठेवायच्या. तर आण्णाप्पाच्या रुमालाखालचं काही बाहेर आल्याचं कुणालाच आठवेना. बडबडीच्या एवढ्या ढिगाऱ्याखाली हा माणूस काय काय पुरून बसलाय, हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शपथ दत्तोपंतांच्या कचेरीत झाली. पंतांनी कागदावरचं इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. आण्णाप्पानं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे वकीलसाहेब, रुमालाचीच रीत म्हणा की."

"तसंच समज," दत्तोपंत म्हणाले.

घोळ झाला तो इथंच. कायद्याची एवढी मोठी बाब वकिलानं दोन शब्दांत उरकू नये. पण पंतांच्या घरी त्या दिवशी अळूची पातळ भाजी होती आणि जेवायची वेळ टळून गेली होती.

त्यानंतर आण्णाप्पाचा भाव वधारला. शेडची पाळी करून तो परत आला की तंबाखूच्या वखारीपुढच्या कट्ट्यावर माणसं आधीच जागा धरून बसलेली असत. तो येई, पटक्याचा शेव सोडून वारा घेई आणि सुरू होई. माळावरचा वारा कसा झोंबतो, वाटेत कुणाची गाडी रुतली, डॉक्टरसाहेबांच्या मिशीला कसला वास येतो. दिवेलागणीपर्यंत बोलून तो उठे आणि मग माणसांच्या लक्षात येई, की शेडच्या फाटकाच्या आत त्यानं पाऊलसुद्धा टाकलेलं नाही.

घरी नागुबाईपुढं मात्र त्याचा कस लागे. "बैलं किती हाइत वो आत?" ती भाकरी थापता थापता विचारी.

"हाइत की."

"काय घालत्यात खायाला?"

"आज चटणी लई झ्याक झालीया."

"चटणी काल बी हीच हुती," ती म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी ताटात चटणी नसे. नवऱ्याच्या पोटातलं आपल्याला कळत नाही, ही गोष्ट तिला लागली होती. त्यात तिचा भाऊ भावकू बोरगावात सगळ्यांना सांगत सुटला होता, की आमचे दाजी आता सरकारात बसलेत. भावकूचं ऐश्वर्य म्हणजे त्याची खिलारी जोडी. ती त्यानं वासरं असल्यापासून वाढवली होती आणि तिच्यावर त्याचं घर उभं होतं. पंचमीला बहिणीला माहेरी न्यायला तो तीच जोडी गाडीला जुंपून यायचा. शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरं. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की नागुबाई दाराशी हजर.

एका सकाळी पाळीला गेलेल्या आण्णाप्पाला शेडमधला कडेचा पांढरा बैल दिसला. बैल रवंथ करत नव्हता. डोळ्यांतून पाणी, कान थंडगार, पुढं टाकलेल्या कडब्याला तोंड लावलेलं नाही. डॉक्टरसाहेब बेळगावला गेले होते. राखणदार म्हणाला, "नव्या खेपेची सुई कालपरवा दिलीया. हुईल बरा." कुठलाही कुणबी बघून सांगेल, असलं ते दुखणं होतं. सुई जास्त झाली होती. उपेंद्रराव परत येईपर्यंत बैल उठून कडबा खाऊ लागला आणि राखणदारानं आपल्यावर येईल म्हणून अवाक्षर काढलं नाही.

मग कमिटी बसली. उपेंद्ररावांनी सांगितलं, की नवी खेप तयार आहे, बोरगावला शिबिर घेऊ आणि लोकांचे बैल फुकट टोचू. दत्तोपंतांनी एकेकाला विचारलं, "कुणाला शेडमध्ये काही वावगं दिसलं?" आण्णाप्पाची पाळी आली. आण्णाप्पा मनातल्या मनात हसला. वकीलसाहेब परीक्षा घेतायत, हे त्यानं ताबडतोब ओळखलं. एवढ्या चौघांसमोर रुमालाखालचं विचारून बघतायत, म्हणजे गडी फुटतो की टिकतो ते कळावं. कसलेला हेडी असल्या डावाला बळी पडत नसतो.

"काय बी न्हाय," तो ठणठणीत आवाजात म्हणाला, आणि मोठ्या अभिमानानं घरी आला.

तो अभिमान भावकू येईपर्यंत टिकला. भावकू दुसऱ्याच दिवशी दारात हजर. "दाजी, बोरगावात पयली सुई माझ्या जोडीला. पाटलास्नी सांगून आलोय. तुमी आत बसलाय म्हटल्यावर भ्या कसलं?"

आण्णाप्पाचा घास हातातच राहिला. त्याच खेपेची सुई. डॉक्टरसाहेबांना ठाऊक असणारच, त्यांना नाही तर कुणाला, असं तो स्वतःला सांगत होता. पण ते म्हणताना त्याला त्या बैलाचे थंड कान बोटांना लागत होते. नको नेऊ म्हणावं तर शपथ मोडते. न म्हणावं तर बायकोच्या भावाचं घर बसतं.

"ने की," तो म्हणाला, आणि उष्टं तसंच टाकून उठला. पुढचे दोन दिवस आण्णाप्पा बोलला नाही. कट्ट्यावरच्या माणसांनी त्याला ताप आलाय का, म्हणून हात लावून बघितलं.

शिबिराच्या आदल्या दिवशी सकाळी नागुबाईनं त्याच्यापुढं भाकरी ठेवली. ताटात चटणी होती, आणि वर लोण्याचा गोळा. नेहमीचे प्रश्न नाहीत, टोमणा नाही. ती चुलीकडं तोंड करून म्हणाली, "मला काय बी सांगू नगा. पर ज्यानं गप ऱ्हायला सांगितलंय, त्येलाच जाऊन इचारा की, त्येच्यापाशी तरी बोलायचं का न्हाय."

बायकांना कायद्यातलं काय कळतंय, असं आण्णाप्पाच्या मनात आलं. पण दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून भाकरी न संपवताच तो दत्तोपंतांच्या कचेरीकडं निघाला.

कचेरीत पंत एकटेच होते. आण्णाप्पा समोर बसला, घसा साफ केला आणि तोंड काही उघडेना. शेवटी त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून पंतांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांचा तळवा धरला. आता रुमालाखाली बोटांना आकडे येतात, दुखण्याला बोट नसतं. मग जनावर खोटं असलं की हेडी आपल्या माणसाला जी खूण करतो, ती त्यानं केली. अंगठा तळव्यात रुतवून दाबला. म्हणजे सौदा सोड.

पंत कळवळले. "अरे, काय चाललंय? मला बैल विकतोस की काय?"

आण्णाप्पानं आणखी जोरात दाबला.

"आण्णाप्पा, बोट मोडेल माझं. तोंडानं बोल."

"बोलायचं न्हाय म्हणून तर शपथ दिलीसा, वकीलसाहेब."

हळूहळू दत्तोपंतांचा चेहरा उतरत गेला. "अरे माणसा, ती शपथ बाहेरच्यांसाठी. आतलं बाहेर जायचं नाही, याचाच अर्थ आत सगळं मोकळं बोलायचं. गप्प बसायला कमिटी कशाला? त्या जनावरांना तोंड नाही, म्हणून तुम्हा पाचांना बसवलंय."

"पर तुमी म्हणलासा, रुमालाचीच रीत."

पंतांना अळूची भाजी आठवली असावी. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "चुकलो मी. आता सांग."

आण्णाप्पानं सांगितलं. दोन दिवसांचं साचलेलं होतं, त्यामुळं थोडं जास्तच सांगितलं. पंतांनी निम्म्यातच टांगा जुंपायला लावला आणि दोघं माळावर गेले. उपेंद्ररावांनी राखणदाराला बोलावलं, आणि तो रडत खरं बोलला. डॉक्टरांनी त्या पांढऱ्या बैलाला शिंगापासून खुरापर्यंत तपासलं. खेप कडक झाली होती. थकलेल्या जनावराला ती झेपली नसती. त्यांनी सगळ्या बाटल्या बाजूला काढल्या.

पण खेप तपासण्यात रात्र गेली, आणि निरोप बोरगावला पोहोचेपर्यंत उजाडलं होतं. माणसं जनावरं घेऊन आली होती. सगळ्यांत पुढं भावकू, जोडी धुऊन पुसून, शिंगांना नवे गोंडे लावून. शिपायानं सांगितलं, लस आली नाही, शिबिर रद्द. का, ते सांगायला मनाई होती. पाटील सगळ्यांसमोर भावकूला म्हणाला, "तुझं दाजी सरकारात बसलंय म्हणं? का दाराबाहीर?" माणसं हसली. भावकू तसाच निपाणीला आला आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "दाजी, तुमास्नी ठाऊक हुतं. एक सबुद सांगायचा हुता. माझी शोभा केलीसा."

आण्णाप्पानं नागुबाईकडं बघितलं. ती चुलीतली लाकडं मागं ओढत होती. मग त्यानं पाऊसपाण्याचं काढलं, आणि भावकू आला तसा परत फिरला.

पुढं उपेंद्ररावांनी लस मवाळ केली, ती लागू पडली, आणि भावकूनं आपली जोडीही टोचून घेतली, पण दुसऱ्या गावच्या शिबिरात. पंचमीला मात्र त्याची गाडी आली नाही. पुढच्या साली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. लग्नामर्तिकाला भेटायचा, विचारायचा, पण पंचमीला नाही. नागुबाई दर पंचमीला सकाळी दार झाडायच्या निमित्तानं बाहेर येई, गल्लीच्या तोंडापर्यंत नजर टाकी आणि आत जाई. आण्णाप्पा ते बघे आणि त्या दिवशी बाजारात दुप्पट बोले. त्याला वाटे, एक वाक्य बोललो तर हिचं माहेर परत येईल. एवढ्या गप्पा मारणाऱ्या माणसाला एक वाक्य इतकं जड जात होतं, हे निपाणीत कुणाला खरं वाटलं नसतं.

सत्तेचाळीस साली झेंडा लागला. निपाणीत पेढे वाटले गेले. म्हातारे झालेले दत्तोपंत आण्णाप्पाला म्हणाले, "उपेंद्ररावांची लस आता गावोगाव उघड्यावर टोचतात. कमिटी कधीच मोडली. सरकार गेलं. तुझी शपथ सुटली बघ."

"सरकार गेलं, वकीलसाहेब," आण्णाप्पा म्हणाला, "रुमाल माझा हाय." आणि पंत हसले तेव्हा तोही हसला.

पण त्या साली पंचमी झेंड्याच्या पाठोपाठच आली. सकाळी आण्णाप्पा बाहेरून आला तर नागुबाई दाराशी केरसुणी घेऊन उभी. केर कधीच काढून झाला होता. केस पांढरे झाले होते, आणि नजर तीच, गल्लीच्या तोंडाशी. आण्णाप्पाला राहवलं नाही. कसला रुमाल आणि कसलं काय.

त्यानं तिला आत बोलावलं. "नागू, बस. आज तुला एक सांगायचं हाय. बोरगावच्या शिबिराचं. भावकूच्या बैलांचं."

"नगा सांगू."

"अगं, शपथ सुटली. वकीलसाहेब सवता म्हणलं."

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "पांढरा बैल. कान थंड हुतं. सुई कडक झालीती."

आण्णाप्पा सरसावून बसला. "कुणी सांगितलं?"

"तुमीच की. शिबिराच्या आधी. झोपंत." ती लाह्यांचं सूप पुढं ओढून पाखडू लागली. "माझा हात धरून अंगठा रुतवत हुतासा आन् सोड, सोड म्हणत हुतासा. सकाळी मग मी म्हटलं, वकिलास्नी तरी इचारा."

लोण्याचा गोळा आण्णाप्पाला आता आठवला.

"मग भावाला का न्हाय सांगितलंस? तुझा भाऊ तुटला, नागू. त्येची बैलं वाचली, एवढं म्हणली असतीस तर दुसऱ्या दिशी गाडी आली असती."

"आणि त्यानं बोरगावभर केलं असतं. त्येच्या पोटात काय ऱ्हातंय व्हय? मग म्हणलं असतं, आण्णाप्पानं फोडलं. मी सांगितलं तरी तुमच्याच तोंडातनं गेलेलं. कैद तुमास्नी झाली असती." ती थांबली. "भाऊ काय, रुसलाय. हाय की जित्ता."

अकरा वर्षं आण्णाप्पा तिच्यापासून जपत होता ते तिच्यापाशीच होतं. तिला कुणी शपथ दिली नव्हती, कुणी कागद वाचून दाखवला नव्हता, आणि दार तिनं एकटीनं झाडलं होतं.

"उद्या बोरगावला जातो," तो शेवटी म्हणाला. "घेऊनच येतो त्येला."

"काय सांगणार?"

"काय बी न्हाय. नुसता बोलंन."

"त्ये जमंल तुमास्नी," नागुबाई म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

आण्णाप्पानं खांद्यावरचा रुमाल काढून आपल्या हातावर टाकला आणि हात तिच्यापुढं धरला. तिनं दाराकडं एकदा बघून घेतलं आणि सूप खाली ठेवून रुमालाखाली हात घातला. तेवढ्यात शेजारीण ताक मागायला दारात आली. ती भांडं भरून घेईपर्यंत दोघंही तोंडानं, यंदा ज्वारीच्या लाह्या कशा फुलल्यात, एवढंच बोलत बसली.